दिशा घेतल्यावर

“मॅडम, डाव्या पायाचं पॅड उजव्या पायात घातलंय तुम्ही,” नार्वेकर म्हणाले.

“फरक काय पडतो?” मी विचारलं.

नार्वेकरांनी मैदानाकडे पाहिलं. आमची आठवी विकेट नुकतीच पडली होती आणि जी पडली ती बाई हसत हसत परत येत होती. “तसा काही नाही,” ते म्हणाले. “पण फोटो काढतील.”

मी पॅड काढून पुन्हा बांधायला घेतलं. माझा नंबर अकरावा होता. अकराव्या नंबरला इतक्या लवकर पॅड बांधायला लावणं हा अपशकुन आहे की अनुभव, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नार्वेकर नखं खात होते. नखं खाणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकॉकपासून दोन तासांवरचं मैदान. महिलांच्या वर्ल्ड कपला एक पात्रता फेरी असते. त्या पात्रता फेरीत जायला आधी एक विभागीय पात्रता फेरी असते. त्या विभागीय फेरीत आमचा गट शेवटचा होता आणि त्या गटात आम्ही शेवटचे होतो. म्हणजे जागतिक क्रिकेटची जी काही शिडी आहे तिची सगळ्यांत खालची पायरी नव्हे, ती शिडी ज्या फरशीवर टेकवलेली असते ती फरशी आम्ही.

आमच्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथली लोकसंख्या इतकी कमी आहे की नाव लिहिलं तर प्रत्येकाला वाटेल आपल्याबद्दलच लिहिलंय. नवरा तिथे समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात होता आणि मी तिथल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवत होते. तीन वर्षं सलग राहिलं की त्या देशाकडून खेळता यायचं. मी पाच वर्षं राहिले होते. संघात पाच मल्याळी नर्सा, दोन श्रीलंकन, दोन लाहोरच्या सख्ख्या बहिणी, एक स्थानिक मुलगी आणि मी. आमच्यात जी भाषा चालायची तिला हिंदी म्हणायचं धाडस आम्हीच करत असू. इथे मी ते सगळं मराठीतच देते.

नार्वेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर. क्रिकेट असोसिएशनच्या महिला विभागाचे प्रमुख, प्रशिक्षक, ड्रायव्हर आणि बर्फ पुरवणारे. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या क्रीडादिनाला. पाचवीतला एक कार्टा रिलेचा दांडू घेऊन ट्रॅक सोडून पळाला होता. मी त्याच्यामागे धावले आणि झेंड्याच्या खांबापाशी सूर मारून त्याला पकडला. वय एकेचाळीस, अंगावर पंजाबी ड्रेस. टाळ्या पडल्या. संध्याकाळी नार्वेकर घरी हजर.

“बॅटिंग येते?”

“नाही.”

“बॉलिंग?”

“नाही.”

“हरकत नाही, आमच्यात कुणालाच येत नाही. पण तो सूर कुठे शिकलात?”

“खो-खो. विट्याला. विद्यापीठाकडून खेळलेय.”

“मग पुढे?”

“पुढे काही नाही,” मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं होतं, पण नार्वेकरांना नव्हे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. महाराष्ट्राच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली होती, पुण्याला. बॅग भरून विटा–पुणे गाडीत खिडकीला बसले. अप्पा, म्हणजे माझे वडील, विटा स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. गाडी फलाटावरून निघाली आणि लाउडस्पीकर खरखरला. “विटा–पुणे गाडीतील प्रवासी कुमारी शैलजा मोहिते हिने त्वरित खाली उतरावे.” अख्ख्या स्टँडने माझ्याकडे पाहिलं. मी उतरले. घरी मला बघायला पाहुणे येऊन बसले होते. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि आठवड्याने नकार कळवला. तोवर शिबिर संपलं होतं. दोन वर्षांनी रेठरेकरांचं स्थळ आलं, ते चांगलं निघालं. तेव्हा तक्रार अशी काही नाही. फक्त एस.टी. स्टँडवर लाउडस्पीकर वाजला की मी अजून उभी राहते.

तर खो-खो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन नियम. पाठलाग करणाऱ्याने उठून एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही. खांद्याने नुसतं वळलात तरी फाऊल. फिरायचं असेल तर पलीकडचा खांब गाठायचा, मग फिरायचं. आणि खांबापाशी गडी मारायचा तर सूर मारून एक हात गड्यावर आणि दुसऱ्या हाताने खांब घट्ट धरायचा, नाहीतर दात पडतात. आमच्या सरांनी हे दोन नियम आमच्या अंगात वेताच्या छडीने असे भरले होते की डोकं नसलं तरी अंग ते पाळायचं.

आता संकट काय होतं ते सांगते. आमचा सराव शुक्रवारी पहाटे साडेपाच ते आठ. देशात क्रिकेटचं मैदान एकच. त्या वेळेवर ‘चाळिशीपुढील पुरुष’ संघाचा डोळा होता. त्यांची पोटं आणि मतं, दोन्ही असोसिएशनमध्ये वजनदार. निघण्याच्या आदल्या दिवशी असोसिएशनचं पत्र आलं : महिला संघाने तीन वर्षांत एकही सामना जिंकलेला नाही, या स्पर्धेत किमान एक विजय न मिळाल्यास महिला विभाग स्थगित करून सदर वेळ इतरांस देण्यात येईल. नार्वेकरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आमच्या कॅप्टन बीनाने ते घडी घालून आपल्या बॅगेत ठेवलं. ती आयसीयूत नर्स होती. मग विमानात माझ्या शेजारी बसून म्हणाली, “टीचर, आठवड्याला एकशे अडुसष्ट तास असतात. त्यातले अडीच तास मला कोणी सिस्टर म्हणत नाही.”

एवढंच म्हणाली आणि झोपली. मला मात्र झोप लागली नाही.

पहिला सामना आम्ही तेवीस धावांत आटोपलो. दुसऱ्यात एकतीस. “प्रगती आहे,” नार्वेकर म्हणाले. तिसरा आणि शेवटचा सामना एका बेटावरच्या देशाशी. त्याही कधी जिंकल्या नव्हत्या. भल्या बाया. सामन्याआधी गोल करून त्यांनी चर्चमधलं गाणं म्हटलं, इतकं सुरेल की आमच्या लाहोरच्या बहिणींनी टाळ्या वाजवल्या.

“आपलं काय?” बीनाने विचारलं.

नार्वेकरांनी पिशवीतून नारळ काढला. आम्हाला गोल उभं केलं, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हे त्यांनी आम्हाला हॉटेलात शिकवून ठेवलं होतं.

“ह्या चेडवांका आज एक तरी मॅच जिंकाक दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“जी काय इडापीडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” केरळ, कँडी आणि लाहोर एका सुरात म्हणाले. बेटावरच्या बाया आदराने खाली मान घालून उभ्या राहिल्या.

मग चष्मेवाल्या अंपायरबाईंनी दोन्ही संघांना बोलावून सांगितलं की सामना इंटरनेटवर दिसणार आहे, कॅमेरा एकच आहे, पण स्टंपमध्ये माईक आहे, तेव्हा भाषा सांभाळा.

“शिव्या मल्याळममध्ये द्या,” नार्वेकर हळूच म्हणाले.

“सर, केरळात सगळे तेच बघत बसलेत,” बीना म्हणाली.

त्यांनी अठ्ठावन्न केल्या. आम्हाला हव्या होत्या एकोणसाठ. बीना सलामीला आली ती एका बाजूला उभीच राहिली, आणि दुसऱ्या बाजूने आमच्या बाया पासपोर्ट दाखवून याव्यात तशा जाऊन आल्या. शेवटच्या षटकात छप्पन्न असताना नववी धावबाद झाली. चार चेंडू, तीन धावा, शेवटची जोडी.

नार्वेकरांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. संघात हेल्मेटं दोनच, आणि माझ्या वाट्याचं मी मान हलवली की अर्धा सेकंद उशिरा हलायचं.

“मॅडम, एक ध्यानात ठेवा. बरोबरी झाली तर उपयोग नाही. साखळीत सुपर ओव्हर नाही, आणि पत्रात ‘विजय’ लिहिलंय.”

“मी काय करू?”

“बीना स्ट्राइकला आहे. तुम्ही काहीही करू नका. ती बोलवेल तेव्हा पळा.”

मध्यावर बीना भेटायला आली. घामाने चेहरा लाल झाला होता, पण आवाज वॉर्डातला. “टीचर, घाई नाही. मी ‘येस’ म्हटलं की पळायचं. ‘नो’ म्हटलं की परत. समजलं?”

“समजलं.”

पहिल्या चेंडूला तिने मिडविकेटला मारलं आणि “येस” म्हणाली. मी पळाले. पलीकडची रेघ गाठली, वळले, परत आले. दोन धावा. रेघ गाठून वळणं नियमात बसतं, त्यामुळे अंगाने काही कुरकुर केली नाही. बरोबरी. तीन चेंडू, एक धाव. पुढचा चेंडू तिने हुकवला. दोन चेंडू, एक धाव. सीमारेषेवर नार्वेकर खुर्चीच्या मागे उभे राहून खुर्चीच्या पाठीतून बघत होते.

बॉलर धावत आली. चेंडू सुटला आणि मी उठले. म्हणजे मी उभीच होते, पण अंग खो मिळाल्यावर पाटीवरून उठावं तसं उठलं आणि त्याने दिशा घेतली.

बीनाने मारलं. सरळ कव्हरच्या बाईच्या हातात.

“नो! नो! बॅक! टीचर, बॅक!”

तिचं बरोबर होतं. अजून एक चेंडू होता. मी तीन-चार पावलंच पुढे आले होते. वळून परत जायला वेळ होता, शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी बॅट टाकली. खो-खोत हातात काही घेऊन पळत नाहीत.

मी बॅट टाकलेली पाहून बीनाच्या लक्षात आलं की ही बाई येणार. एका टोकाला दोघींनी उभं राहून काही उपयोग नसतो. ती मल्याळममध्ये काहीतरी बोलत दुसऱ्या टोकाकडे सुटली. काय बोलली ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, पण कोट्टायममध्ये तिच्या मावशीने मोबाइल बंद केला म्हणे.

कव्हरच्या बाईला अक्कल असती तर तिने चेंडू बीनाच्या टोकाला फेकला असता. पण एक चाळिशीची बाई, हलतं हेल्मेट, हातात बॅट नाही, मान खाली घालून येतेय म्हटल्यावर कोणाचंही लक्ष तिकडेच जाणार. तिने कीपरकडे फेकला. चांगला फेकला. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू दिसत होता, समोर कीपर दिसत होती, तिच्यापुढे तीन खांब दिसत होते. माझ्या तोंडून काहीतरी ओरडणं बाहेर पडलं. मराठीत. मराठी कळणारा एकच माणूस मैदानावर होता आणि तो खुर्चीमागे होता.

मी सूर मारला.

हवेत असताना उजव्या हाताने मी मधला खांब धरला. धरला तो घेऊनच खाली आले. बेल्स उडाल्या, एक स्टंप आडवा झाला, एक उभा राहिला आणि मधला माझ्या छातीशी. त्याच क्षणी कीपरने चेंडू पकडला आणि जिथे बेल्स असायला हव्यात तिथे जोरात हात फिरवला. तिथे काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग उरलेल्या स्टंपकडे पाहिलं, आणि सीमारेषेवरून त्यांचा कोच बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला की तो उपट, तो उपट! तिने उपटला. तोवर मी रेघेच्या दीड हात आत पालथी पडून खो-खोच्या सवयीने शिट्टी वाजायची वाट बघत होते. पलीकडे बीना पोचली होती.

शिट्टी वाजली नाही. अकरा बायांनी मिळून अपील केलं.

दोन्ही अंपायर एकत्र आल्या. चर्चा झाली. पुस्तक मागवलं गेलं. रनआउट नव्हतं, हे लवकर ठरलं, कारण यष्ट्या मीच मोडल्या होत्या आणि कीपरने दुसरा स्टंप उपटला तेव्हा मी आत होते. पण त्यांच्या कॅप्टनचं म्हणणं असं की या बाईने मुद्दाम स्टंप काढून घेतला. मुद्दाम अडथळा आणला तर बाद, मग धाव नाही, मग बरोबरी. मुद्दाम की नाही, एवढाच प्रश्न उरला.

चष्मेवाल्या बाई माझ्याकडे आल्या. मी अजून स्टंप धरून बसले होते.

“मॅडम, हा स्टंप तुम्ही का उपटलात?”

“उपटला नाही. धरला.”

“का?”

“थांबायला.”

“थांबायला?”

“मी दुसरा खेळ खेळायचे. त्यात खांब धरूनच थांबतात. सवय आहे.”

“आणि बॅट?”

“त्या खेळात बॅट नसते.”

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पॅड बांधताना पुन्हा उलटीच बांधली गेली होती. त्या दुसऱ्या अंपायरकडे गेल्या आणि जे म्हणाल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं. “या बाईंनी आज दिवसभरात एकही गोष्ट मुद्दाम केली असेल, असं मला वाटत नाही.”

नॉट आउट. धाव मोजली गेली. आम्ही एका विकेटने जिंकलो.

मग जे झालं ते मला तुकड्यातुकड्यात आठवतं. नार्वेकर खुर्चीसकट मैदानात आले. लाहोरची धाकटी रडत होती आणि थोरली तिला ‘रडू नकोस’ म्हणत स्वतः रडत होती. बेटावरच्या बायांनी आधी तोंडं फिरवली, मग त्यांच्यातली एक हसायला लागली आणि मग सगळ्याच. कीपरने माझ्याकडून तो सूर दोनदा करून घेतला. अंपायरबाईंनी स्टंप परत मागितला, कारण त्यात माईक होता.

बसमध्ये बीना माझ्या शेजारी येऊन बसली.

“टीचर, मी ‘नो’ म्हटलं होतं.”

“हो का? हेल्मेट होतं ना. ऐकू नाही आलं.”

“मी पूर्ण ताकदीने ओरडले. आयसीयूत असं ओरडले असते तर नोकरी गेली असती.”

“खरंच नाही आलं गं.”

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. नर्सा पेशंटकडे बघतात तसं, जो म्हणतो मी गोळी घेतली. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. शुक्रवार वाचला होता.

हॉटेलवर पोचले तर अप्पांचा फोन. अप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही कानांत यंत्रं. माझ्या भावाने त्यांना मोबाइलवर सामना लावून दिला होता.

“जिंकलात म्हणे,” अप्पा म्हणाले.

“बघितलात ना?”

“बघितलं काय, दिसतंय कुठं नीट. ऐकलं. ती पोरगी ‘बॅक, बॅक’ म्हणून ओरडत होती. म्हणजे मागे फिर.”

“मला ऐकू नाही आलं, अप्पा. हेल्मेट होतं.”

“मी बहिरा. मला विट्यात ऐकू आलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि तू काय ओरडलीस तेही आलं,” अप्पा म्हणाले. “ते माईकच्या अगदी जवळच होतं.”

“काय ओरडले?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“‘नाही उतरत!’ असं ओरडलीस.”

मागे विट्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भाऊ विचारत होता, हिला मैदानातून कोण उतर म्हणत होतं? अप्पांनी त्याला कुकर बंद करायला पाठवलं.

“शैला, त्या दिवशीची पुणे गाडी,” ते म्हणाले. “तुला उतरवून घेण्यात तिला चार मिनिटं उशीर झाला. उशिराचं कारण वहीत लिहावं लागतं. मी ‘तांत्रिक बिघाड’ लिहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एकच खोटं लिहिलंय.”

“असू दे, अप्पा,” मी म्हटलं. “मीसुद्धा अंपायरला ‘सवय’ म्हणून सांगितलंय.”